सोनकांबळे सरांची चार मिनिटं

सोनकांबळे सर वाईट माणूस होते, यावर आमच्या प्रयोगशाळेत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. एरवी त्या इमारतीत चहा कुणाकडून मागवायचा यावरसुद्धा दोन तट पडायचे. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं आणि सहाही वर्षं मला ते आवडले नाहीत. तरी अजून कुणी रक्ताची नळी हातात दिली की आधी मी ती खिडकीकडे धरते, उजेडात बघते आणि मग माझ्या लक्षात येतं की ही सवय त्यांची आहे. एवढी बोलणी खाऊन दुसरं काही मिळालं नाही, असंही म्हणता येत नाही.

लातूरला डाळ मिलच्या मागच्या रस्त्यावर जनावरांच्या रोगांची आमची लहानशी प्रयोगशाळा. आजूबाजूला सगळ्या कोचिंग क्लासच्या पाट्या, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे चेहरे. आमच्या पाटीवरची अर्धी अक्षरं उडालेली. सर आत अगदी कोपऱ्यात बसायचे. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. भर मे महिन्यातही ते बटण उघडं मी पाहिलेलं नाही.

माझ्या पहिल्याच दिवशी किल्लारीकडून एक मेंढपाळ आला. त्याच्या कळपातल्या आठ मेंढ्यांनी एकामागून एक गाभ टाकले होते. कुणीतरी रक्त काढून, नळ्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच्या हाती दिल्या होत्या आणि तो बिचारा डबा मांडीवर धरून जीपने आला होता. सरांनी एक नळी उचलली, खिडकीकडे धरली, दुसरी उचलली. मग डबा घेऊन बेसिनपाशी गेले आणि एकेक नळी ओतायला लागले.

"आवो सायेब, आवो, काय करून राहिले?"

"सरबत सांडून राहिलो."

मेंढपाळाचा चेहरा बघवत नव्हता. सर पाठमोरेच बोलत होते. "रक्त काढलं की नळी तिरपी ठेवायची. गोठू द्यायचं. वर पिवळं पानी सुटतं, ते आपल्याला पायजे. त्याच्या मागून बर्फ. तुम्ही आधीच बर्फात घातलं, वरून जीपचे दनके दिले. रक्त फुटलं, समदं लाल झालं. ह्याच्यात मी काय बघू?"

"म्हंजी पुन्यांदा काढायचं?"

"पुन्यांदा."

"लई तरास व्हतो मेंढरांना, सायेब."

"मग नका काढू. मरू द्या."

तो माणूस पायरीवर बराच वेळ बसला होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं, तर आतून आवाज आला, "जाधव बाई, पाणपोईवर नोकरी लागली का तुमची?" चौथ्या दिवशी तो नव्या नळ्या घेऊन आला. वर स्वच्छ पिवळं पाणी, खाली काळपट गुठळी. सरांनी त्याला ओळख दाखवली नाही. नळ्या घेतल्या आणि तपासायला बसले.

तपासणी दिसायला अगदी पोरखेळ. काचेच्या पांढऱ्या पाटीवर ते पिवळं पाणी थेंबभर, त्याच्या शेजारी गुलाबी औषध थेंबभर. काडीने दोन्ही मिसळायचं आणि पाटी हातात घेऊन हलक्या हाताने झुलवत राहायची. चार मिनिटं. गुलाबी थेंबात रव्यासारखे दाणे दिसले तर त्या जनावराला ब्रुसेला. थेंब गुळगुळीत राहिला तर जनावर साफ. ब्रुसेलाची शेळी वरून धडधाकट दिसते. पाचव्या महिन्यात व्यायची ती चौथ्यातच टाकते, आणि टाकलेल्या गाभाला जो हात लावेल, तिचं कच्चं दूध जो पिईल, त्या माणसालाही तो रोग लागतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात. वर्षवर्ष माणूस अंथरूण सोडत नाही आणि गावातला डॉक्टर मलेरियाच्या गोळ्या देत राहतो.

चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, त्यात सर देवाचंही ऐकले नसते. देव ते मानत नव्हतेच. एका पाटीवर पाचपेक्षा जास्त थेंब घ्यायचे नाहीत, कारण सहावा मिसळेपर्यंत पहिल्याचा वेळ पुढे गेलेला असतो. पंखा बंद. थेंबाची कड वाळली की तिथं दाण्यासारखं काहीतरी दिसायला लागतं आणि साफ जनावर उगाच रोगी ठरतं. हे सगळं त्यांनी आम्हाला शिकवलं नाही, घोटून घेतलं. कधीकधी साफ नमुन्यांत एखादा रोगी नमुना गुपचूप घुसवायचे, आणि ज्याच्या नजरेतून तो सुटला त्याने आठवडाभर सगळ्यांच्या पाट्या धुवायच्या. मी एकदा चुकून म्हणाले, "सर, ह्याच्यात दाणा आहे असं वाटतं." त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"दाना दिसला तर दाना. न्हाई दिसला तर न्हाई. वाटतंय बिटतंय घरी."

त्यानंतर त्या खोलीत 'वाटतं' हा शब्द मी कधी उच्चारला नाही.

दूध ते पीत नसत. चहाच्या गाड्यावर दूध उतू जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चहा घेत नसत. आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी बासुंदीची वाटी नाकाजवळ नेऊन, वाढणाऱ्याला दूध किती वेळ उकळलं ते विचारलं. वधूपिता शेजारीच उभा होता. पुढल्या वर्षी सरांची बढती रखडली. सगळे म्हणाले, ती बासुंदी बाधली. सर म्हणाले, उकळलेली बासुंदी बाधत नाही.

पण लोक त्यांना शिव्या द्यायचे ते कानाच्या भोकासाठी. रोगी निघालेलं जनावर मालक गुपचूप बाजारात नेतो, तिथून ते दुसऱ्याच्या कळपात जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. सरांनी कुठल्याशा जुन्या परिपत्रकातून एक नियम शोधून काढला होता. खिशात चिमटा ठेवायचे. रोगी शेळीच्या उजव्या कानाला त्रिकोणी भोक. उदगीर-देगलूरच्या बाजारापर्यंत व्यापाऱ्यांना ते भोक कळायला लागलं. मग ती शेळी फक्त खाटकाच्या उपयोगाची, आणि तोही नाक मुरडून घ्यायचा. निकाल कागदावर द्यावा आणि निघून यावं, तर हे चारचौघांत उभे राहून मोठ्याने वाचायचे. बाजारात फसवलेला दुसराही गरीबच असतो, एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं होतं.

एका गावात पाटलाचे पैदाशीचे तीन बोकड रोगी निघाले. अख्ख्या गावाच्या शेळ्या त्याच बोकडांकडे यायच्या. पाटील जवळ आला आणि सरांच्या आडनावावर जोर देत म्हणाला, "सोनकांबळे, बाकीच्यांचे साफ आणि माझेच कसे निघाले? कशाचा राग काढून राहिले?" भोवती जमलेली माणसं खाली बघायला लागली. सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि पाटलाच्या हातात दिलं.

"तुम्ही टाइम धरा."

पुन्हा थेंब, पुन्हा काडी. चार मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. दाणे आले. पाटील म्हणाला, अजून एकदा. सरांनी अजून एकदा केलं. तिसऱ्यांदाही केलं. मग चिमटा काढला आणि शांतपणे म्हणाले, "भोक कुठं पाडू? बोट ठेवा तुम्हीच." आणि पाटलाने खरंच बोट ठेवलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची रात्री जरा लाजही वाटली.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा अडलेली शेळी सोडवताना माझा हातमोजा फाटला. तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. काही आठवडे गेल्यावर सरांनी मला खुर्चीत बसवलं, माझं रक्त काढलं, गोठू दिलं आणि वरचं पाणी माझ्यासमोरच पाटीवर घेतलं. मी रडायला लागले. "रडू नका, पाटी हालते. दोन मिनिटं झालीत." पुढची दोन मिनिटं मी श्वास कसा घेतला ते माझं मला माहीत. "साफ," ते म्हणाले आणि ती पाटी धुवायला माझ्याच हातात दिली.

अशा माणसाला बहीण असेल, असं आमच्या मनातही आलं नव्हतं. एक दिवस दारात लुगडं नेसलेली, उंच, हाडकुळी बाई उभी. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि लसणाची चटणी. "जय भीम. आमचा पिराजी हितंच बसतो का?" पिराजी! आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून हसलो. सर उठून उभे राहिले. त्यांना कुणासाठी उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गयाबाई उमरीजवळच्या खेड्यात राहायच्या. सर पाच वर्षांचे असताना आईबाप एकाच वर्षात गेले. गयाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या. शेळ्या पाळून त्यांनी भावाला शिकवलं. "लगीन न्हाई केलं मी. ह्याला घिऊन कोन नांदवनार?" हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगत होत्या. घरी अकरा शेळ्या होत्या, सगळ्या काळ्याभोर. दुसरं काहीच नव्हतं, आणि दुसरं काही त्यांना नकोही होतं. सरांनी लातूरला राहायला किती वेळा बोलावलं, तर म्हणायच्या, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या शेळ्या चढतील का? आता दोन शेळ्यांनी गाभ टाकला म्हणून त्या एवढ्या लांब आल्या होत्या.

"येऊन बघ की रं एकदा."

"दवाखान्यात अर्ज कर, आक्का. ओळखीनं तपासनी व्हत न्हाई."

"बगा बाई," गयाबाई मला म्हणाल्या, "मला अर्ज करायला लावतो."

त्यांनी अर्ज केला, अंगठा लावून. मे महिन्यात त्या खेड्यात शिबिर लागलं. नांदेडकडे माणसं कमी होती, म्हणून आम्हाला पाठवलं.

बुद्धविहाराच्या ओसरीत टेबल मांडलं. सकाळीच सगळ्यांच्या शेळ्यांचं रक्त काढून नळ्या तिरप्या लावल्या. दुपारी निकाल बघायला बसलो. लाइट नव्हती. अंगाची नुसती काहिली होत होती. इतरांच्या शेळ्या पाच-पाच करून झाल्या, चार निघाल्या, चार भोकं पडली. ज्यांच्या निघाल्या त्यांच्यातला एकजण मागून म्हणाला, "बघू आता, बहिनीच्या शेळीला भोक पडतंय का."

सरांनी ते ऐकलं. मला ते दिसलं, कारण त्यांची मान ताठ झाली.

त्यांनी मोठी पाटी मागितली आणि अकराच्या अकरा थेंब तिच्यावर एकदम घेतले. नीट वेगवेगळे, घाई न करता, सगळ्यांना दिसतील असे. पाच-पाच करत बसलं तर बहिणीसाठी काहीतरी लपवलं असं कुणी म्हणेल, म्हणून त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. अकरा थेंब मिसळता मिसळताच लाइट आली. लोकांनी आरोळी ठोकली आणि कुणीतरी टेबलफॅन सरांच्या तोंडावर सोडला.

"सर, पंखा..." मी म्हणाले.

"मधी बोलू नका. टाइमाकडं बघा."

मी घड्याळाकडे बघितलं. मी मोठ्याने बोलायला हवं होतं, उठून पंख्याचं बटण दाबायला हवं होतं. सहा वर्षांत त्यांनी मला त्यांच्यापुढे गप्प बसायला इतकं चांगलं शिकवलं होतं की मी बसले.

नऊ निघाल्या. सर उभे राहिले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात त्यांनी वाचलं. मग चिमटा काढला. गयाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक शेळी स्वतः आणली आणि कान स्वतः धरला.

"हिला बी?"

"हाव."

"हिला बी?"

"हाव, आक्का."

नववीला त्यांनी कान धरला नाही. "आरं, ही लाडी हाय. हिनं कधीच टाकलं न्हाई. मागल्या महिन्यात दोन करडं दिलीत. ही कशी आसंल?"

"दाना दिसला."

"मला तर ही चांगली वाटती रं."

"वाटतंय ते सोड. कान धर."

गयाबाईंनी कान धरला. मागे बोलणारा माणूस मघाशीच निघून गेला होता. मग सरांनी सगळ्यांना समजावलं, ह्या शेळ्यांचं दूध पिऊ नका, यांच्यात आपल्या शेळ्या सोडू नका, गरोदर बायकांनी जवळ जाऊ नका. गयाबाई दाराशी उभं राहून ऐकत होत्या. त्यांनी जेवायला केलं होतं. सर सरकारी कामावर कुठं जेवत नसत, म्हणून आम्ही जेवलो नाही.

शिबिरातला प्रत्येक नमुना लातूरला आणून पुन्हा तपासायचा, हा नियमही सरांचाच. मधे सुट्ट्या आल्या. पाचव्या दिवशी मी तो डबा उघडला. पाच, पाच आणि एक. पंखा बंद. नऊ नव्हे, दोनच निघाल्या. ज्यांनी गाभ टाकले होते त्या दोन. बाकीचे थेंब गुळगुळीत. मी दुसऱ्यांदा केलं. मग सरांना बोलावलं.

त्यांनी तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी पाटी खाली ठेवली आणि चष्मा काढून पुसला.

"पंखा चालू व्हता?"

"हो सर."

"तुम्हाला दिसला?"

"दिसला."

"मग?"

"तुम्ही मधे बोलू नको म्हणालात."

त्यांनी नोंदवही पुढे ओढली. "तुम्हाला पहिल्याच दिवशी काढून टाकायला पायजे व्हतं," असं म्हणाले, आणि तिच्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, "शिबिराचा निकाल चुकीचा आहे, चूक माझी आहे." खाली पूर्ण नावाची सही. माझं नाव त्यात कुठं नव्हतं.

गयाबाईंचा फोन बंद लागत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघालो. "तुम्ही चला, साक्षीला," एवढंच बोलले. नांदेडच्या स्टँडवर मी म्हणाले, "सर, पाच-सहाच दिवस झालेत, शेळ्या असतील अजून." ते म्हणाले, "आसतील." मला त्यांच्या तोंडून असा शब्द ऐकायची सवय नव्हती. उमरीला उतरून ऑटो केला, तेव्हा त्यांनी ऑटोवाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

दावणीला एकही शेळी नव्हती. खुंट्यांना नुसती दावी गुंडाळलेली. अंगण झाडून लख्ख केलं होतं. गयाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. भावाला बघून हसल्या.

"बरं झालं आलास. झालं रं बाबा सगळं. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला, नऊ जनी नेल्या. बायका दारात यायच्या बंद झाल्या हुत्या, काय करू? ऱ्हायलेल्या दोन रातध्याड वरडायल्या. एकल्या खाईनात. मंग त्या बी दिल्या. करडं बी दिली."

मी मागून सरांची बाही ओढली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात लावला. "सर, आता नका सांगू. पाया पडते. आता काय उपयोग आहे?"

ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. शेजारणी दारांत आल्या होत्या. त्यांनी निकाल वाचायच्या आवाजातच सांगितलं, "आक्का, दोनच बिमार व्हत्या. बाकीच्या नऊ साफ. पाटीवर जास्ती थेंब घेतले, पंखा चालू ऱ्हायला. चूक माझी हाय."

गयाबाईंचा हात तांदळात तसाच राहिला.

"लाडी?"

"साफ."

मग त्या बोलल्या, अगदी हळू.

"कामून सांगितलंस रं? बिमार हायेत म्हनून ह्या हातानं दावी सोडली मी. लाडी टेम्पोतून माझ्याकडं बघून वरडत व्हती. मी तिला म्हनलं, वरड बाई, पर तू बिमार हायेस. तीन दिस ह्याच्यावरच झोपले मी. आता काय म्हनू तिला?"

"खरं हाय ते सांगितलं, आक्का."

"तुला कोन इचारलं व्हतं?"

सर मटकन खाली बसले, रिकाम्या दावणीपाशी, मातीत. पांढरी पँट, शर्ट, कशाचं भान नव्हतं. त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला, की या माणसाला एकदासुद्धा खोटं का बोलता येऊ नये. पुढे ते कामावर आलेच नाहीत. आधी रजेचा अर्ज आला, मग राजीनामा, दोन्ही टपालाने. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी.

गयाबाई उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. माझ्या हातात दिलं. "घे बाई, उन्हातून आलीस."

"आक्का," सर खालून म्हणाले, "मला बी पानी दे."

गयाबाईंनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. शेजारणींनीही एकेक करून दारं लोटली. मी तांब्या सरांपुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग हात टेकून उठले, कपड्याची माती न झटकता उमरीच्या रस्त्याला लागले. मला फार तहान लागली होती. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी थांबले आणि मग सगळं पाणी प्यायले.